महावितरण ॲप – गावच्या बिलाची कटकट मिटली
गावच्या घराचं मीटर अजून आजोबांच्या नावावर, आम्ही सगळे पुण्यात, बिल येणार तिकडे. मग आई शेजारच्या काकांना फोन लावणार, ते चष्मा शोधणार, आकडे वाचणार, त्यातला एक चुकणार, परत फोन. आता ॲपमधे १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकला की झालं, गावचं आणि इथलं दोन्ही बिलं एकाच लॉगिनला दिसतात. गो ग्रीन पण घेतलं, कागदी बिल बंद, वर बिलात सूट (आईला याचंच कौतुक जास्त 😄).

खरी मजा रीडिंगची. घर बंद असलं की सरासरीचं बिल येतं, म्हणून यावेळी गावी होतो तेव्हा स्वतःच मीटरचा फोटो काढून पाठवायचं ठरवलं, तर पहिल्या फोटोत काचेवर माझंच थोबाड, दुसऱ्यात स्क्रीनवर तारीख, कारण डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात, केडब्ल्यूएच (म्हणजे वापरलेली युनिटं) दिसेपर्यंत थांबावं लागतं हे काकांनीच सांगितलं! तिसऱ्यांदा जमलं.

लाईट गेल्याची तक्रार पण ॲपवरून करता येते म्हणे, अजून वेळ आली नाही. माझ्याकडून ४ स्टार.