रोजनिशी की जोहरी खिडकी?

स्वतःला ओळखायचं तर रोजनिशी लिहावी, की जोहरी खिडकी, म्हणजे आपलं स्वतःबद्दलचं आणि इतरांचं आपल्याबद्दलचं मत चार कप्प्यांत ताडून पाहायची पद्धत, उघडावी?

रोजनिशीला खर्च नाही, कुणाची भीड नाही. झोपण्याआधी दहा मिनिटं लिहीत गेलं, की महिन्याभरात कळतं: चिडचिड नेमकी कधी होते, कुठलं काम रोज उद्यावर ढकललं जातं. पण लिहिणारे आपण, वाचणारेही आपणच. सोयीचं तेवढंच कागदावर उतरतं.

जोहरी खिडकी जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडली. ठरलेल्या यादीतून आपल्याला लागू पडतील अशी पाच-सहा विशेषणं आपण निवडायची, तीच यादी सहकाऱ्यांनाही द्यायची. दोन्हीकडे आलेली विशेषणं खुल्या कप्प्यात, फक्त आपण निवडलेली झाकलेल्या, फक्त त्यांनी निवडलेली आंधळ्या आणि उरलेली अज्ञात कप्प्यात. खरी मेख आंधळ्या कप्प्यात आहे. आपण स्वतःला ‘शांत’ म्हणावं आणि टीमने ‘तणावात असलेला’वर खूण करावी! अर्थात यादी साहेबांनीच वाटली, तर सगळे गोडगोडच लिहिणार. (आपल्याकडे तर हमखास.)

सवयी बदलायच्या असतील तर माझं मत रोजनिशीला. नव्यानेच माणसं सांभाळायची जबाबदारी आली असेल तर आधी खिडकी, तीही बरोबरीच्या लोकांकडून भरून घेतलेली, नावं न लिहिता.