वरळीचे तारांगण की विद्यापीठातले छोटे तारांगण? ठाणेकर पालकांसाठी एक तुलना

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील पालकांना मुलांना तारांगण दाखवायचे असले, की वरळीचे नेहरू तारांगणच प्रथम आठवते. ते स्वाभाविक आहे, कारण १९७७ सालापासून आपल्या भागातील दोन पिढ्यांनी आकाशाची पहिली ओळख तिथेच करून घेतली आहे. मात्र एखाद्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाने चालवलेले, चाळीस-पन्नास आसनांचे छोटे तारांगण हाही पर्याय समोर असेल, तर केवळ आकार पाहून निवड करू नये, असे मला वाटते. तिथला कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहे की कोणी समोर उभे राहून बोलणार आहे, हे आधी विचारावे.

देखणेपणात वरळीचे पारडे निःसंशय जड आहे. घुमटाचा व्यास सुमारे २३ मीटर, प्रक्षेपण डिजिटल, त्यामुळे शनीच्या कड्यांमधून जाताना मोठी माणसेही खुर्चीचा हात घट्ट धरतात. विद्यापीठातला घुमट बहुधा सात-आठ मीटरचा असतो आणि पुष्कळदा एकाच प्रोजेक्टरला मत्स्यनेत्री भिंग लावून संपूर्ण आकाश दाखवले जाते. असा प्रोजेक्टर साध्या एचडी क्षमतेचा असेल, तर १८० अंशांच्या आकाशासाठी जेमतेम १०८० ठिपके (पिक्सेल) मिळतात, म्हणजे एक ठिपका पूर्णचंद्राच्या बिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होतो. तारे त्यामुळे थोडे फुगीर दिसतात. याउलट, एखाद्या विभागाने जुना, भोकाभोकांचा गोल असलेला यांत्रिक प्रक्षेपक जपला असेल, तर तिथले तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव दिसतात. फक्त त्या यंत्राला अंतराळात फेरफटका मारता येत नाही. आणि लहान तारांगणाला कमी लेखण्याचेही कारण नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलचे तारांगण १९५४ साली सुरू झाले. ते शाळेतले, छोटेसेच, पण वरळीच्या तारांगणाहून तेवीस वर्षांनी थोरले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतील सोळा मुलांना घेऊन मी अशाच एका छोट्या तारांगणात गेलो होतो. वातानुकूलन यंत्र इतके घरघरत होते, की मागच्या रांगेला निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. तरीही निवेदन करणाऱ्या विद्यार्थिनीने ठाण्याचे आकाश लावून हिरव्या लेझरने ध्रुव दाखवला आणि हात ताठ करून वीत धरायला सांगितली. अशी वीत साधारण वीस अंश भरते आणि आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “कन्याकुमारीला गेलो तर?” निवेदिकेने काही न बोलता कळ फिरवली. सगळे आकाश उत्तरेकडे कलले आणि ध्रुव क्षितिजापासून जेमतेम चार बोटांवर येऊन थांबला. ध्वनिमुद्रित कार्यक्रमात हा प्रश्न विचारताच आला नसता. त्या रात्री मुलांनी गच्चीवर जाऊन वीत धरली, तेव्हा ध्रुव समोरच्या टॉवरच्या मागे निघाला. मृगाचे तीन तारे आणि व्याध मात्र ठळक दिसले.

म्हणून मूल आठ-दहा वर्षांचे, सतत ‘का’ विचारणारे असेल, तर थेट निवेदन असलेले छोटे तारांगण निवडावे. आजी-आजोबांसह सगळे कुटुंब निघणार असेल, किंवा मुलाने घुमटाखालचे आकाश अजून एकदाही पाहिले नसेल, तर वरळीलाच जावे. तिथे मराठी कार्यक्रमाची वेळ पाहून निघावे. तारांगण सोमवारी बंद असते. टॅक्सीवाल्याला ‘नेहरू सेंटर’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो हमखास नेहरू विज्ञान केंद्राच्या दारात उतरवतो. दोन्ही वरळीतच आहेत, पण संस्था वेगळ्या आहेत.

कर्जत मार्गावरील वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन हा तिसरा पर्याय पुष्कळजण सुचवतात. खऱ्या आकाशाची सर कोणत्याही घुमटाला येत नाही, हे मान्यच आहे. परंतु पावसाळ्याचे चार महिने तो पर्याय बंद असतो, चांदण्या रात्री फिके तारे बुडून जातात आणि लहान मुले बाराच्या आत पेंगू लागतात. तारांगण आधी आणि वांगणी नंतर, हा क्रम मला सोयीचा वाटतो, कारण नक्षत्रांचे आकार ओळखीचे झालेले असले, की खऱ्या आकाशातली ताऱ्यांची गर्दी मुलांना गोंधळात टाकत नाही.

विद्यापीठात जायचे ठरल्यास तिकीट खिडकी शोधत बसू नये. अशी तारांगणे बहुधा गटासाठीच उघडतात आणि विभागाला आधी पत्र किंवा ईमेल पाठवावा लागतो. परीक्षांचे दिवस आणि मे महिन्याची सुट्टी टाळावी. ज्यांनी निवेदन करायचे ते विद्यार्थीच तेव्हा जागेवर नसतात.