दुबईच्या बँक खात्याचं 'पॅकेज': पैसे भरायच्या आधी हे वाचा

पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यातल्या निर्यातदारांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. 'दुबईत कंपनी काढून देतो, बँक खातं उघडून देतो, तुम्ही फक्त सही करा' असं सांगणारे एजंट आपल्याकडे हल्ली हंगाम तोंडावर आला की फिरू लागतात. सगळेच चोर असतील असं नाही. आमच्या वाट्याला आला तो मात्र होता.

आमचं द्राक्षांचं लहानसं पॅकहाऊस आहे. माल भाऊ बघतो, कागदपत्रं आणि हिशोब मी. २०२४ च्या दिवाळीनंतर दुबईतल्या अल अवीर मार्केटचा एक व्यापारी भावाला म्हणाला, "इथलं खातं असेल तर माल उतरला त्याच दिवशी दिरहम टाकतो." पैसे अडकून पडायची सवय असलेल्या माणसाला हे वाक्य किती गोड लागतं ते धंद्यातल्यांना सांगायला नको. नाशिकला गंगापूर रोडवर एजंटचं ऑफिस होतं. काचेची केबिन, भिंतीवर बुर्ज खलिफा, अडीच लाखांत फ्री झोनचं, म्हणजे परदेशी मालकांना सवलती देणाऱ्या तिथल्या खास क्षेत्राचं, लायसन्स आणि वर 'खात्याची गॅरंटी'.

लायसन्स आलं, आणि खरं आलं. फ्री झोनच्या साइटवर नंबर टाकला की भावाचं नाव दिसायचं. पुढचा सगळा विश्वास त्या एका खऱ्या कागदावर उभा होता. पण ते 'झिरो व्हिसा' लायसन्स होतं. म्हणजे कंपनी आहे, पण मालकाला तिथला रहिवासी व्हिसा नाही, म्हणून एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, तेही नाही. कंपनीच्या खात्यासाठी तिथल्या बहुतेक बँका सही करणाऱ्याचा एमिरेट्स आयडी मागतात. व्हिसा नसलेल्या परदेशी माणसाला काही बँका वैयक्तिक बचत खातं देतात, पण त्यावर सहसा चेकबुक मिळत नाही आणि धंद्याचे पैसे त्यात फिरवायचे नसतात. यातलं एक अक्षर त्यानं सांगितलं नाही. मुळात खातं द्यायचं की नाही हे बँकेचा कम्प्लायन्स विभाग ठरवतो. गिऱ्हाईक कोण, माल कुठला, पैसा कुठून येणार हे सगळं तपासतो, त्यात आठवडे जातात, कधी महिने, आणि नकाराचं कारणही सांगतीलच असं नाही. त्यामुळे एजंटची 'गॅरंटी' म्हणजे परीक्षेआधीच वाटलेली गुणपत्रिका.

मग निघाली किमान शिल्लक. ५०,००० दिरहम आधी 'बँकेच्या होल्डिंग खात्यात' जमा करा, खातं सुरू झालं की तिकडे वळतील. तेव्हाच्या दरानं हे साडेअकरा लाखांच्या घरात. खरी बँक आधी खातं उघडते, आणि शिल्लक तुमच्याच नावाच्या खात्यात जाते. इथं नाव होतं शारजातल्या कुणा एका माणसाचं.

पैसे कसे पाठवायचे तेही त्यानंच शिकवलं, आणि या प्रकरणाचा खरा गाभा मला इथं दिसतो. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, पण ती सवलत व्यक्तीला आहे, फर्मला नाही. बाहेरच्या कंपनीत भांडवल घालायचं तर २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागतात, बँकेमार्फत एफसी फॉर्म भरून आधी त्या गुंतवणुकीचा नोंदणी नंबर घ्यावा लागतो. एजंट म्हणाला, ती भानगड कशाला? अर्धे भावाच्या नावानं पाठवा, अर्धे वहिनीच्या, म्हणजे टीसीएसही लागणार नाही. (टीसीएस म्हणजे ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर बँक आधीच घेते तो कर. तेव्हा मर्यादा सात लाखांची होती, १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांची झाली.) परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरतात त्या ए-२ फॉर्मवर कारण टाका, जवळच्या नातेवाइकांचा उदरनिर्वाह. शारजातल्या त्या अनोळखी माणसाला आमच्या घरचा काका करून टाकलं.

मला आधी वाटलं, चार पैसे वाचवायची ही त्याची नेहमीची युक्ती असेल. तसं नव्हतं. पुढे आम्ही तक्रारीला गेलो तर आमचंच बोट आमच्याकडे वळावं, याची ती सोय होती.

पैसे गेल्यावर नेटबँकिंगची लिंक आली. लोगो, लॉगिन, शिल्लक ५०,००० दिरहम, सगळं जागच्या जागी. भावानं त्यातला आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, अल अवीरच्या व्यापाऱ्याला पाठवला, तर त्याच्या बँकेचं ॲप नंबर घेईना. एजंट म्हणाला, नवीन खातं आहे, चार दिवस लागतील. मी नंबर मोजला. यूएईचा आयबॅन २३ अक्षरांचा असतो: सुरुवातीला एई, मग दोन तपासणी अंक, तीन अंकी बँक कोड आणि सोळा अंकी खाते क्रमांक. आमचा भरला बावीस. एक आकडा चुकून गळला असेल म्हणून बँकेच्या अधिकृत साइटवरून ग्राहक सेवेचा नंबर घेऊन फोन लावला. त्या नावाचं खातंच त्यांच्याकडे नव्हतं.

एजंट ना पळाला, ना गडबडला. शांतपणे म्हणाला, "करा ना तक्रार, ताई. फॉर्मवर खोटं कारण कुणी लिहिलंय? फेमा लागेल तुमच्या वहिनींना." फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा. वहिनी रात्रभर झोपल्या नाहीत. त्यांच्या माहेरी अजून फेरा, म्हणजे त्याच्या आधीचा कायदा, आणि तुरुंग हे शब्द जोडीनंच उच्चारतात.

सीएंनी भीती घालवली. फेरा जाऊन २००० साली फेमा आला, आणि तो दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे. उल्लंघनाला दंड होतो, रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, पण रिझर्व्ह बँकेकडे स्वतःहून अर्ज करून तडजोडीनं प्रकरण मिटवायचीही सोय आहे. फसवणूक मात्र फौजदारी गुन्हा. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालतात, एकीच्या भीतीनं दुसरी सोडू नका, असं त्यांनी बजावलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि शहर सायबर पोलिसांकडे कागद दिले. परदेशात गेलेली रक्कम परत आलेली नाही.

एक शेपूट अजून वळवळतं आहे. खरं असलेलं ते लायसन्स! दरवर्षी नूतनीकरण, शिवाय यूएईमध्ये जून २०२३ पासून कॉर्पोरेट टॅक्स आल्यामुळे फ्री झोनच्या कंपनीलाही नोंदणी सक्तीची, आणि उशिरा नोंदणीला १०,००० दिरहम दंड. एक रुपयाचा धंदा न करता हे कागद सांभाळायचे. ते रीतसर बंद करण्याचं काम सध्या चालू आहे.

आणि हे सगळं कशासाठी? आमच्याच बँकेतल्या अधिकाऱ्यांनी फुकटात सांगितलं की निर्यातदाराला इथंच ईईएफसी खातं काढता येतं, परकीय चलन त्यात जमा होतं. व्याज मिळत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर उरलेलं रुपयात वळवावं लागतं, पण आमच्या उलाढालीला ते पुरेसं आहे. अल अवीरचा व्यापारी आता त्यातच पैसे पाठवतो.

असंच पॅकेज तुम्ही घेतलं असेल तर ऑफिसात रोख दिलेल्या पैशांच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ए-२ फॉर्मची प्रत, पैसे बाहेर गेल्याचा बँकेचा स्विफ्ट मेसेज आणि त्या बनावट साइटचा पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. आमची ती लिंक तक्रारीनंतर लगेच बंद पडली.