आईची बीपी-शुगर आणि आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या श्रावणापासून आईच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेतोय. केंद्र बीड जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही आहे. आधी खासगी दवाखाना होता. तिथं दर खेपेला सुई, अशक्तपणा म्हटलं की सलाईन, नोंद मात्र कुठंच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी केंद्रात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, तरी आम्ही तिकडं वळलो नव्हतो. "सरकारी गोळीला गुण नसतो," असं आई म्हणायची.

पायाच्या सुजेनं तिचं मत बदललं. बीपीची अॅम्लोडिपिन गोळी चालू होती आणि घोटे फुगायला लागले. किडनी गेली म्हणून आईनं झोप सोडली. केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी घोटा बोटानं दाबून पाहिला, जुन्या चिठ्ठ्या मागितल्या, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासायला लावली. रिपोर्ट बरे आल्यावर म्हणाल्या, "मावशी, ही सूज गोळीची हाय, किडनीची नाही." गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. महिन्याभरात चपला पुन्हा पायात बसायला लागल्या. बाहेर व्हरांडाभर रांग असताना त्यांनी आईला दिलेला वेळ मी विसरणार नाही.

औषधाच्या खिडकीवरचे दादा तर सोन्यासारखा माणूस. आईला अक्षरओळख नाही, म्हणून पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून देतात. शुगरची मेटफॉर्मिन जेवल्यावरच घ्यायची, हे दर वेळी न कंटाळता सांगतात.

मे महिन्यात पुतण्याला रात्री विंचू चावला. हात गार, अंगाला दरदरून घाम. सिस्टरनी क्वार्टरमधून मॅडमना उठवलं, प्राझोसिनची गोळी दिली आणि १०८ बोलावून त्याला अंबाजोगाईला पाठवलं. पोरगं वाचलं. विंचूदंशावर ही गोळी वापरायची वाट दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, हे मला नंतर कळलं. त्यांनी कोकणातल्या अशाच एका सरकारी केंद्रात काम केलं होतं.

आता तक्रार. दिवाळीत प्रयोगशाळा तंत्रज्ञांची बदली झाली, जागा अजून रिकामी. दुसऱ्या केंद्राचे तंत्रज्ञ फक्त मंगळवारी येतात, तेही अकराच्या पुढं. शुगरचं माणूस तोवर उपाशी बसतं. आईला एकदा बाकावरच घेरी आली. दुसऱ्या डॉक्टरांची जागाही भरलेली नाही, त्यामुळं मॅडम मीटिंगला गेल्या की ओपीडी सिस्टरच्या गळ्यात.

सगळ्यात वाईट म्हणजे औषधवाले दादा रजेवर असताना खिडकीवर परिचराला बसवलं होतं. त्यानं टेल्मिसार्टन ४० च्या जागी ८० दिली. आई तीन दिवस चकरा येतात म्हणत होती, तेव्हा मी पट्टी वाचली. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला ते काम शिकवलेलंच नाही. त्याला तिथं बसवलं, चूक ती आहे. मॅडमनी ऐकून घेतलं आणि तेव्हापासून दादा नसले की त्या स्वतः पट्टी तपासून देतात. म्हणजे त्यांच्यावर आणखी एक काम!

जाणार असाल तर जुन्या गोळ्यांची रिकामी पट्टी जपून न्या, तीच तुमची खरी नोंद. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला निघणारी माणसं पुढच्या गोळ्या न्यायला येतात, तेव्हा लवकर नंबर लावा.

रिकाम्या जागांबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं अर्ज दिलाय, पोच माझ्याजवळ आहे. येत्या मंगळवारी आईचं रक्त तपासायचंय. दिल्या दिल्या खाता यावं म्हणून भाकरी बांधून नेणार आहे.