रोजच्या ताणावर काय निवडावं: चालणं, प्राणायाम की विपश्यना?

संध्याकाळी चप्पल काढायच्या आधीच मी लेकावर ओरडले. त्याचा दोष एवढाच की दार उघडायला त्याने उशीर केला. दिवसभराचं ऑफिस मी डोंबिवलीपर्यंत अंगावर घेऊन येत होते. त्यानंतर मी तिन्ही गोष्टी करून पाहिल्या.

फार विचार न करता सुरुवात करायची असेल तर माझं मत चालण्याला. ताण आला की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं: नाडी वाढते, स्नायू आखडतात, रक्तातली साखर वाढते. आपण मात्र खुर्चीतच बसलेले असतो. चालल्याने ती तयारी कामी येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. मी स्टेशनवरून रिक्षा करणं सोडलं. घर येईपर्यंत खांदे सैल झालेले असतात आणि दारात मी जरा बरी माणूस असते. पावसाळ्यात मात्र खाडे होतात, आणि भर मीटिंगमध्ये छाती धडधडायला लागली तर उठून चालायला जाता येत नाही.

तिथे श्वास उपयोगी पडतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं: मनात चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. लोकल दिवा स्टेशनला थांबते, गर्दी आत घुसते, पाठीवर कुणाची तरी बॅग रुततेय, एक हात वरच्या कडीला. अशा अवस्थेत ठाणं येईपर्यंत मी हेच करते. शेजारणीलाही कळत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला; नीट शिकायचं तर अशा जाणकारांकडे शिकावं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर कपालभाती आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नुसता संथ श्वास बहुतेकांना चालतो.

विपश्यना, म्हणजे श्वास आणि शरीरातल्या संवेदना शांतपणे बघत बसायचं ध्यान, आणि ते शिकवणारं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र ही वेगळीच गोष्ट. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर: पहाटे चारला घंटा, रोज सुमारे दहा तास बसणं, मौन, मोबाईल जमा. फी नाही, पण रजा लागते आणि घरचं बघणारं कुणीतरी लागतं. नंतरही रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. मला तिथून खूप मिळालं, तरीही दमलेल्या माणसाला मी ते पहिलं पाऊल म्हणून सुचवणार नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर तर नकोच. तशी सूचना केंद्रवालेही देतात.

आणि दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर या तिन्हींतलं काही निवडत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.