कुत्र्याला शिकवायचा क्लिकर सात महिने वापरल्यावरचा अनुभव (आमचा बंड्या, दादर)

बंड्या आमचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा आहे, बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाड्यांखालीच जन्मला, पाच महिन्यांचा असताना वर आणला. घरात आई, बाबा, दादा आणि मी. जूनमध्ये दीडशे रुपयांना साधा प्लास्टिकचा क्लिकर घेतला, मनगटात अडकवायच्या दोरीवाला, बटण दाबलं की टिक् वाजतं, बाकी काही नाही. त्याआधी एक ट्रेनर बोलावला होता, तो पट्ट्याला असा हिसका द्यायचा की बंड्या केकाटायचा, दोनच दिवसांत त्याला येऊ नका सांगितलं. पण नंतर तीन आठवडे पट्टा हातात घेतला की बंड्या सोफ्याखाली, त्याचा मला अजूनही राग येतो.

पहिले दोन दिवस काही शिकवायचंच नाही. टिक् केलं की लगेच खाऊ, पंधरा-वीस वेळा, म्हणजे टिक् झालं की खाऊ येणारच हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मग त्याने बूड टेकलं की त्याच क्षणी टिक्. इथे उशीर अजिबात चालत नाही, तुम्ही सेकंदभर रेंगाळलात तर तोवर तो उठलेला असतो आणि त्याला वाटतं उठलो म्हणून खाऊ मिळाला. मला हे कळायला महिना गेला. खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही (कांदा-लसूण तर कुत्र्यांना चालतच नाही), वाटाण्याएवढे तुकडे. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच, त्यापुढे खेचलं की तो जांभया देतो आणि तोंड फिरवतो. आणि एकदा टिक् केलं की खाऊ द्यायचाच, चुकून दाबलं गेलं तरी. दादा टीव्ही बघताना चाळा म्हणून टिकटिक करत बसायचा, तर आठवड्याभरात बंड्या त्या आवाजाला मान पण वळवेना, परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सगळ्यात जास्त घोळ शब्दांनी घातला. आम्ही 'बस' शिकवलं. आता जेवताना आई भात वाढते तेव्हा बाबा बस बस म्हणणार, दादा फोनवर बस चुकली म्हणणार, आणि हा बिचारा दर वेळी बसून तोंडाकडे बघत राहणार, खाऊ कोणी देत नाही. पंधरा दिवसांत त्याने तो शब्द ऐकणंच सोडलं. मग 'बैठ' केलं. 'ये' पण काढलं कारण घरात सगळेच सगळ्यांना ये म्हणतात, त्याऐवजी 'इकडे'. बैठ, थांब, इकडे, सोड असे चार शब्द कागदावर लिहून फ्रीजवर लावले, चौघांनी तेच वापरायचे. खरा फरक तिथून पडला.

'सोड' मात्र सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवा. एका मुठीत बिस्कीट धरायचं, तो चाटेल, पंजा मारेल, काही बोलायचं नाही, तोंड मागे घेतलं की टिक् आणि दुसऱ्या हातातलं चिकन. ऑगस्टमध्ये पावसात शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ त्याने शिजवलेल्या कोंबडीचं हाड उचललं, अशा हाडाचे चावल्यावर टोकदार तुकडे होतात. दाताखाली कट्कन वाजलेलं मला ऐकू आलं. सोड म्हटलं, दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला, आणि टाकलं. हात थरथरत होते माझे, खिशातलं सगळं चिकन तिथेच देऊन टाकलं. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी प्यायला जातो तेव्हापण हाच शब्द लागतो, उंदरांच्या मुतामुळे लेप्टो या आजाराची भीती असते म्हणून. लस दिलीय, तरीही.

वस्तूबद्दल सांगायचं तर आवाज सुरुवातीला मोठा वाटतो, बंड्या दचकायचा, चार दिवस रुमालात गुंडाळून वाजवला. सप्टेंबरपर्यंत आतली पत्ती दमट हवेने गंजली, टिक् फुसकं यायला लागलं, दुसरा घ्यावा लागला. तो मी डब्यात बंद ठेवते.

गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांच्यापुढे क्लिकरचं काही चालत नाही, घाबरलेला कुत्रा चिकनला तोंडही लावत नाही, तेव्हा शिकवायचं नाही, खिडक्या बंद करून जवळ बसायचं. आणि मोकळ्या जागेत 'इकडे' म्हटल्यावर दहापैकी सहा वेळा येतो, मांजर दिसली तर नाहीच, म्हणून लांब दोरी कायम.

बैठला आता क्लिकर लागत नाही, शाब्बास म्हटलं तरी पुरतं, अधूनमधून खाऊ देते. सध्या लिफ्टच्या जाळीसमोर 'थांब' चाललंय, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात आणि कुत्रा आत दिसला की त्या लिफ्ट सोडून जिन्याकडे वळतात. काल त्या बाहेर पडेपर्यंत बंड्या भिंतीला लागून बसून होता, शेपटी तेवढी हलत होती, आणि आजी जाताना म्हणाल्या, "शहाणा झाला गं हा."