पॉलिगोनल की साधं रायफलिंग? आधी राऊंड कोणता मारणार ते सांग

जळगाव-भुसावळकडे पिस्तुलाचं लायसन हातात पडलं की पोरं आधी बॅरलवर येतात, भो पॉलिगोनल घेऊ का, ते लई भारी असतं म्हणे. त्यात वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले एखादे काका शेजारी बसलेले असले की मग चहाच्या टपरीवर वाद काही संपत नाही. माझं मत आधीच सांगतो, रायफलिंगचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीच्या आतल्या पिळाचा, आकार दुसऱ्या नंबरचा प्रश्न, पहिला हा की त्या नळीतून जॅकेटवाली, म्हणजे शिशावर धातूचं कवच असलेली गोळी जाणार की उघड्या शिशाची.

साध्या रायफलिंगमध्ये आत पिळाच्या खाचा असतात, खाच म्हणजे ग्रूव्ह, दोन खाचांमधला उंच भाग म्हणजे लँड, लँडच्या कडा धारदार असतात, त्या गोळीत रुततात आणि तिला फिरवतात. पॉलिगोनलमध्ये धारदार कडाच नसतात, आतून नळी गोलसर कोपऱ्यांची षटकोनी किंवा अष्टकोनी असते आणि तो अख्खा आकारच पीळ घेत पुढे जातो. ग्लॉकच्या ९ एमएममध्ये षटकोन, .४५ मध्ये अष्टकोन. एच अँड के, काहर, डेझर्ट ईगल यांच्यातही पॉलिगोनल सापडतं. कल्पना नवी मुळीच नाही, इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने १८५० च्या दशकातच षटकोनी नळीची रायफल केली होती.

इथे एक घोळ सगळेच घालतात. हॅमर फोर्ज्ड म्हणजे पॉलिगोनल असं नाही! हॅमर फोर्जिंग, बटन, ब्रोच, कट ह्या बनवायच्या पद्धती झाल्या, आकार वेगळी गोष्ट. हॅमर फोर्जमध्ये आत मँड्रेल, म्हणजे हव्या आकाराची कडक सळई, घालून बाहेरून ठोकतात, मँड्रेलवर जसा आकार तशी नळी, म्हणजे साधं रायफलिंगही तसंच बनतं. दुकानदार दोन्ही शब्द एका दमात बोलला तर पुन्हा विचारायचं.

फायदे बघायचे तर पॉलिगोनलमध्ये कोपरे नसल्याने साफसफाई सोपी, गॅस गोळीच्या बाजूने कमी निसटतो म्हणून वेग थोडा वाढतो म्हणतात, पण एकाच मॉडेलच्या दोन बॅरलमध्येच तेवढा फरक निघतो, त्यामुळे त्यावर पैसे लावू नको. ॲक्युरसीचं म्हणशील तर मॅच म्हणजे स्पर्धेची पिस्तुलं बहुतेक साध्या खाचांचीच असतात, आणि ग्लॉकनेसुद्धा २०१७ च्या जेन ५ मध्ये, म्हणजे पाचव्या पिढीत, मार्क्समन बॅरल आणलं ते पॉलिगोनलच पण खाचा जास्त ठळक केलेलं.

खरी अडचण शिशाची आहे. उघड्या शिशाच्या गोळ्या आमच्या बॅरलमध्ये वापरू नका असं ग्लॉक स्वतः मॅन्युअलमध्ये सांगतं, कारण शिसं आत चिकटत साचत जातं, वाट अरुंद होते आणि प्रेशर वाढतं, आणि पिस्तूल फुटणं ही काही गंमत नाही. साध्या रायफलिंगमध्येही शिसं बसतंच, पण ते जास्त सहन करतं.

आता तुझ्यापुरतं बोलू. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल स्पर्धेसाठी .२२ घेतोस तर गोळी शिशाचीच, साधं रायफलिंग घे, ट्विस्ट म्हणजे पीळ बहुतेक १६ इंचाला एक फेरा, विषय संपला. सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारं) मॅचचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग असेल तर त्यात शिशाचा वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, जातो, तिथेही साधंच. सेल्फ डिफेन्सच्या लायसनवर .३२ एसीपी असेल तर राऊंड जॅकेटवाले, तिथे दोन्ही चालतं, मग ट्रिगर, ग्रिप आणि स्पेअर पार्ट बघ, रायफलिंगवर डोकं खपवू नको. आणि ग्लॉक ९ एमएमचे व्हिडिओ बघून लाळ गाळणाऱ्यांसाठी, ते बोअर, म्हणजे त्या मापाची नळी, आपल्याकडे साध्या लायसनवर मिळत नाही, प्रोहिबिटेड आहे.

सेकंड हँड बघायला गेलास तर मॅगझिन काढ, चेंबर रिकामं आहे याची खात्री कर, बॅरल बाहेर काढून उजेडाकडे धरून बघ. साध्या बॅरलमध्ये लँडच्या कडा गोलसर दिसल्या तर घासलेलं असू शकतं, भाव पाड. पॉलिगोनल मात्र नवं असतानाच तसं गुळगुळीत दिसतं, त्याला घासलेलं समजून सोडू नको, आणि उलट घासलेलं साधं बॅरल पॉलिगोनल म्हणून गळ्यात मारणारेही भेटतील, म्हणून मॉडेल नंबरवरून मूळ रायफलिंग कोणतं ते आधी काढून ठेव.